धुराचा दाखला

माझ्या गाडीच्या धुराबद्दल कुणाला शंका असेल तर त्यानं सकाळी दहा ते बारा या वेळात घरी यावं. कागद दाखवीन. चहाही मिळेल. दाखल्यावर गाडीचा नंबर आहे, गाडीचा पाठमोरा फोटो आहे आणि धुरात कुठला वायू किती, ते दशांश चिन्हासह छापलेलं आहे. माझ्या स्वतःच्या प्रकृतीबद्दल इतकी नेमकी माहिती डॉक्टरांनीही मला कधी दिलेली नाही. हा कागद आणि त्याच्यामागचे बाकीचे कागद मिळवायला चार महिने लागले. त्या चार महिन्यांत काय हुकलं, ते दाखल्यावर छापलेलं नाही, म्हणून इथं लिहितो.

एकतीस वर्षं मी एका सहकारी साखर कारखान्यात ऊस नोंद कारकून होतो. शेतकऱ्यानं ऊस लावला की माझ्या रजिस्टरात नाव चढायचं, नाव चढलं की पाळी लागायची, पाळी आली की तोड. नोंद नसेल तर ऊस कितीही गोड असो, तो ऊस नव्हे. शेतात उभा असलेला एक हिरवा प्रकार, असं मी लोकांना समजावून सांगत असे. लोक मला भाऊसाहेब म्हणत. मागं काय म्हणत, त्याची माझ्याकडे नोंद नाही.

निवृत्तीनंतर जिल्ह्याच्या गावी घर बांधलं आणि दारात पांढरी गाडी उभी केली. ती नोकरीत असतानाच घेतलेली. 'उभी केली' हेच क्रियापद बरोबर आहे. लग्नकार्य सोडलं तर ती उभीच असे, अंगावर कापडी खोळ घालून.

त्या वर्षी दुष्काळ होता. नळाला पाणी वीस दिवसांनी, गल्लीत टँकर, गावोगाव चारा छावण्या. पाडव्यानंतर आठवड्यानं उत्तरेश्वरचा फोन आला. उत्तरेश्वर हा आमच्या सौभाग्यवतींचा, म्हणजे सत्यभामेचा, चुलतभाऊ. त्यांचं गाव बोरखेडी माजलगावच्या धरणात गेलं तेव्हा सगळे उठून वरच्या अंगाला नव्या गावठाणात राहायला आले, तिथंच तो शेती करतो. फोन मी उचलला, पण तो बोलला बहिणीशीच.

"अक्का, जुनं गाव उघडं पडलंय बघ. पाणी पार तळाला गेलं. आपल्या ओसरीतलं उखळ दिसायलंय."

सत्यभामा फोन कानाला लावून खालीच बसली. उखळ म्हणजे जमिनीत पुरलेलं दगडी उखळ. गाव उठलं तेव्हा लोकांनी दारं काढली, तुळया काढल्या, देव उचलले. पण उखळ काही निघालं नाही, ते तिथंच बुडालं. त्याच उखळात तिच्या लग्नाची हळद कुटलेली. तिच्या आईचा एकही फोटो नाही. आई म्हटली की हिला त्या उखळापाशी वाकलेली पाठ आठवते, बाकी काही नाही.

"मला तिथं जाऊन कुंकू लावायचंय," ती म्हणाली. "पुन्हा पाणी आलं की संपलं. उद्या जाऊ. सकाळची एस.टी. हाय."

इथं मी माझ्या आयुष्यातलं सगळ्यात महागडं वाक्य बोललो. म्हणालो, "दारात गाडी असताना एस.टी.नं माहेरी जायचं? लोक काय म्हणतील? गाडीनं जाऊ. ऐटीत."

"माझं माहेर पाण्याखाली होतं. तिथं ऐट कुणाला दाखवता, मासळ्यांना?"

पण मी ठरवलेलं होतं. एकदा ठरवलं की मी बदलत नाही, रजिस्टरात खाडाखोड मला चालत नाही.

आता हमरस्त्यावर पोलीस कागद तपासत होते, आणि गाडीची पीयूसी म्हणजे धुराचा दाखला कधीचा संपलेला. म्हटलं, पाच मिनिटांचं काम, करून टाकू. परिवहन कार्यालयाच्या रस्त्याला लिंबाखाली एक जुनी व्हॅन उभी असते, तिच्यात संगणक, धूर मोजायचं यंत्र आणि बंकट नावाचा मालक. त्यानं गाडीचा नंबर दाबला, पडद्याकडे बघितलं, मग माझ्याकडे बघितलं.

"भाऊसाहेब, दाखला निघत न्हाई. गाडीची नोंदणीच संपली. पंधरा वर्सं झाले फेब्रुवारीत."

"अरे, धूर तर निघतोय ना? तो मोज."

"मोजतो की. पर मशीन घेत न्हाई. नोंद नसली तर मशीनच्या लेखी ही गाडीच न्हाई."

हे वाक्य मी कुठंतरी ऐकल्यासारखं वाटलं. कुठं, ते त्या दिवशी लक्षात आलं नाही.

तसाच कार्यालयात गेलो. खिडकीतल्या बाई अतिशय सौजन्यानं बोलल्या. हे मुद्दाम नमूद करतो, कारण उद्धट माणसावर निदान चिडता तरी येतं. त्या म्हणाल्या, "काका, फेरनोंदणी होईल. अर्ज, विमा, गाडीची तपासणी आणि चालू पीयूसी. पीयूसी कुठंय?"

"ती नोंदणीशिवाय मिळत नाही."

"आणि नोंदणी पीयूसीशिवाय होत नाही," बाई म्हणाल्या, आणि हे आम्हा दोघांनाही पटलं.

लिंबाखाली परत आलो तेव्हा बंकटनं स्टूल पुढं केलं, तांब्यातलं पाणी दिलं. त्या दिवसांत पाणी देणं म्हणजे पाहुणचाराची शर्थ होती.

"भाऊसाहेब, वळखलं न्हाई ना मला? तुमच्याकडं आलतो मी कारखान्यात. दीड एकर ऊस व्हता माझा. तुमी म्हणलात, आधी सातबाऱ्यावर उसाची नोंद आण. तलाठी म्हणला, कारखान्याची नोंद दाखव, मग सातबाऱ्यावर लावतो. सहा चकरा मारल्या. तवर उसाला तुरे आले. तुऱ्याचा ऊस कोण नेतंय? जनावरापुढं टाकला. मग शेत भावाला दिलं अन् हा धंदा धरला."

त्यानं हे रागानं सांगितलं असतं तर मला उत्तर देता आलं असतं. एकतीस वर्षांत मी रागाला बरीच उत्तरं दिली आहेत. तो मात्र हवापाण्याबद्दल बोलावं तसं बोलला. मी पाणी प्यायलो आणि म्हणालो, "नियमच तसा होता."

"व्हय की. नियमच हाय," बंकट म्हणाला. "आता बी हाय."

घरी आल्यावर सल्लागार हजर झाले. आमचे शेजारी मोहनराव पूर्वी एका सहकारी संस्थेचे संचालक होते. संस्था आता नाही. संचालकपण मात्र आहे. गल्लीत कुणाचं कुत्रं व्यालं तरी ते अध्यक्षस्थान स्वीकारतात. त्यांनी खुर्ची मागवली, चहा मागवला आणि विषय सभेपुढं घेतला.

"बबनराव, तुमी चुकीच्या टेबलाला गेलात. आधी ऑनलाइन अर्ज टाका. अर्जाचा नंबर पडला की साहेबाला भेटा, साहेबाचा शेरा घ्या, शेरा बंकटला दाखवा. सर्वानुमते मंजूर?"

सभेला मी आणि ते होतो. मंजूर झालं.

सत्यभामा आतून म्हणाली, "एस.टी.नं जाऊन आलो असतो आज."

अर्ज भरायला बसलो तर संगणक म्हणाला, तुमच्या मोबाईलवर आकडा पाठवला आहे, तो टाका. माझा मोबाईल गप्प. तेवढ्यात शेजारून आवाज आला, "बबनराव, मला काहीतरी आकडा आलाय!" तेव्हा उलगडा झाला. गाडी घेतली त्या साली माझ्या ओळखीत मोबाईल एकट्या मोहनरावांकडे होता, आणि शोरूमच्या कागदावर मी त्यांचाच नंबर दिला होता. पंधरा वर्षं माझी गाडी सरकारदरबारी मोहनरावांच्या फोनवर अवलंबून होती.

पुढचे तीन आठवडे माझा प्रत्येक आकडा मोहनराव गच्चीवरून गल्लीभर वाचून दाखवत. "सात! शून्य! चार! लिहिलं का? सावकाश सांगू का?" टँकरच्या रांगेतल्या बाया हंडे टेकवून ऐकत. कुणाला वाटलं लॉटरी आहे. एकदा मोहनराव छावणीच्या भाषणाला गेले, आकडा तिथं गेला, आणि परत येईपर्यंत त्याची मुदत संपली. मुदत दहा मिनिटांची. भाषण दीड तासाचं. नंबर बदलायचा तर त्यालाही अर्ज होता, आणि त्या अर्जाचा आकडा मोहनरावांनाच येणार होता.

उत्तरेश्वरचा दुसरा फोन मेमध्ये आला. "दाजी, कवा येताव? गाळ न्यायला ट्रॅक्टर लागलेत इथं. मी उखळाभवती दगड मांडून ठिवलेत, कुणी बुजवू नाई म्हणून. तुमाला जमत नसल तर मी मोटारसायकल घिऊन येतो, अक्काला घिऊन जातो."

"नको," मी म्हणालो. "कागद झाले की गाडीनंच येतो."

आमची बायको या वयात मेव्हण्याच्या मोटारसायकलवर पासष्ट किलोमीटर जाणार, तेही आपली चारचाकी दारात असताना, हे माझ्या मनाला पटेना. तिच्या मनाला पटत होतं की नाही, हे विचारायचं राहून गेलं.

जूनच्या मध्याला साहेबांचा शेरा मिळाला. बंकटच्या यंत्रानं एकदाची गाडी मान्य केली. त्यानं मागच्या नळीत सळई घातली, मला ॲक्सिलेटर दाबायला सांगितलं. गाडी खोकली. नळीतून आधी धूळ, मग वाळका पालापाचोळा आणि शेवटी कसलंसं मऊ कापूस-चिंध्यांचं घरटं बाहेर पडलं.

"उंदराचं हाय," बंकट म्हणाला. "फेल."

मग मेकॅनिक, मग गॅरेजात बारा दिवस. त्यानंतर यंत्रानं दाखला दिला. मी तो दोन्ही हातांत धरून घरी आणला. सत्यभामेनं तो उलटसुलट करून पाहिला आणि विचारलं, "आता निघायचं?"

"आता फक्त तपासणी," मी म्हणालो.

"कावून हो? उखळ बघायला गाडीची तपासणी कावून लागती?"

मी दाखला घेऊन नोंदणीच्या फायलीत लावला.

तपासणीसाठी गाडी स्वच्छ पाहिजे आणि सांगाड्यावर कोरलेल्या नंबराचा पेन्सिलीनं घासून कागदावर छाप काढून द्यावा लागतो. आमच्या गाडीचा तो नंबर पंधरा वर्षांच्या चिखलाखाली, म्हणजे जुन्या बोरखेडीपेक्षाही खोल बुडालेला. गाडी धुणं भाग होतं. पण माणसांना प्यायला पाणी नसताना गाडी धुणं हे गल्लीत गुन्ह्यासारखं होतं. म्हणून भांड्यांचं खरकटं पाणी आठवडाभर दोन टपांत साठवलं आणि पहाटे, दोन साड्यांचा आडोसा बांधून, मी गाडीला आंघोळ घातली. आडोशावरून मोहनरावांचं डोकं उगवलं.

"बबनराव! इथं हंड्याला रांगा अन् तुमी गाडीला न्हाऊ घालता? शोभतं का?"

"खरकटं पाणी आहे हो!"

"आसंल. पर लोकांला लांबून काय कळतंय? पाण्यासारकंच दिसतंय की."

दिवसभर गल्लीतल्या बायांनी माझ्याकडे पाहणं बंद केलं. गाडीला मात्र आमटीचा वास लागला. तपासणीच्या दिवशी अधिकाऱ्यांनी दार उघडलं, दोनदा हुंगलं, आत वाकून पाहिलं आणि विचारलं, "गाडीत स्वयंपाक करता का?" मी खरं कारण सांगितलं. त्यांनी न हसता सही केली. भला माणूस. मला म्हणाले, "झालं काका. पाच वर्षांची नोंदणी मिळाली. ही पावती. कार्ड पोस्टानं घरी येईल."

तारीख होती जुलैची अठ्ठावीस. आमच्याकडे पावसाचा थेंब नव्हता. उखळ अजून उघडं होतं. आदल्याच दिवशी उत्तरेश्वर फोनवर म्हणाला होता, "दाजी, बाया येऊन उखळाला हळद वाहून चालल्या. परक्या बाया. आमची अक्काच तेवढी न्हाई आली."

बाहेर लिंबाखाली बंकटनं पावती पाहिली. "झकास. आता उद्या निघा. पावतीवर चालतंय, कुणी आडवत न्हाई."

आणि मी म्हणालो, "पावती म्हणजे नोंद नव्हे, बंकट. पक्की नोंद हातात आल्याशिवाय मी निघत नसतो."

बंकटनं पावती माझ्या हातात परत ठेवली. बरीच वर्षं जुनं काहीतरी त्याच्या तोंडावर येऊन गेलं असावं. "व्हय," तो म्हणाला. "तुमी हेच म्हणला व्हता."

घरी सत्यभामेनं माहेरची तयारी करून ठेवली होती. तशी ती पाडव्यापासूनच तयार होती. पितळी करंड्यात हळदकुंकू, खण, नारळ आणि उखळात कुटायला मूठभर हळकुंडं. मी म्हणालो, कार्ड आठवड्यात येईल. तिनं करंड्याचं झाकण लावलं. एस.टी.चं नावही तिनं काढलं नाही. तेव्हा मला बरं वाटलं होतं. वाटलं, आता हिलाही पटलं.

कार्ड अकराव्या दिवशी आलं. पोस्टमननं सही घेतली, मी पाकीट फोडलं, चकचकीत कार्ड उजेडात धरलं. नाव बरोबर, नंबर बरोबर, मुदत पाच वर्षं. तेवढ्यात गल्लीत आरडाओरडा झाला. मोहनराव पेढ्याचा पुडा घेऊन घरोघर फिरत होते.

"बबनराव, तोंड गोड करा! नाशिककडं धो धो पाऊस झाला, पैठणचं धरण भरलं, कालव्यानं पाणी माजलगावला सोडलंय! कालपास्नं पाणी चढायलंय! दुष्काळ हटला म्हणा!"

आमच्या अंगणात टिपूस नव्हता आणि धरण भरत होतं. बाया हंडे वाजवीत होत्या. जिल्ह्यातली माणसं, गुरं, ऊस, सगळ्यांना जगवणारं पाणी. मी पेढा तोंडात टाकला. कार्ड खिशात घातलं. मागं वळून बघितलं तर सत्यभामा दारात उभी होती. हातात करंडा.

"चला," ती म्हणाली.

गाडी कधी नव्हे इतकी छान धावली. उंदीर नाही, धूर नाही, खोकला नाही. चौकातल्या पोलिसानं मला अडवलं नाही, तेव्हा मीच गाडी बाजूला घेतली आणि त्याच्यासमोर कार्ड, विमा, पीयूसी, सगळं ओळीनं धरलं. तो शिट्टी तोंडातून काढून म्हणाला, "मी कागद मागितले का, काका? निघा, मागं एस.टी. थांबलीय." ती माजलगावची होती. आम्हाला ओलांडून पुढं गेली.

धरणाच्या काठावर उत्तरेश्वर वाट बघत होता. त्यानं गाडीचं दार उघडलं, वाकून बहिणीच्या पाया पडला आणि नुसता हात लांबवला.

"ती जमिनीची चोच दिसती का अक्का? बगळा बसलाय ती? त्याच्या डाव्या अंगाला व्हतं. काल सांजच्याला पाणी ओसरीवर चढलं. मी तितंच उभा व्हतो. घोट्याला लागलं तवा माघारी आलो."

समोर मैलभर पाणी. तांबूस, गढूळ, शांत. चांगलं पाणी होतं. त्याच्याबद्दल तक्रार करायला जागा नव्हती.

सत्यभामा काठावर गेली. चपला काढून उभी राहिली. मग मान न वळवता म्हणाली, "दाखवा की त्याला."

"काय?"

"पीयूसी. कार्ड. समदे कागद आणलेत ना? दाखवा पाण्याला. म्हणावं, आमचे कागद पक्के हायेत, थोडं माघारी सर."

उत्तरेश्वर खाली बघत पायानं खडा उकरू लागला. कागद माझ्या शर्टाच्या खिशात होते. खिसा जड लागत होता. चार कागदांना इतकं वजन असतं हे मला आधी ठाऊक नव्हतं. तिनं करंडा उघडला, वाकली, चिमूटभर कुंकू पाण्याच्या कडेला ओल्या मातीवर लावलं. बोट उचलेपर्यंत लाट आली आणि ते घेऊन गेली. हळकुंडं तिनं परत पदराला बांधली. खण उत्तरेश्वरच्या बायकोसाठी त्याच्या हातात दिला.

परतताना ती पुढच्या सीटवर, माझ्या शेजारी बसली होती. अर्ध्या रस्त्यात म्हणाली, "आमटीचा वास येतोय गाडीला."

"हो."

"बराय. माहेराहून जेवून आल्यासारकं वाटतंय."

मी हसलो नाही. तीही नाही. गाव दिसायला लागलं तेव्हा ती पुन्हा बोलली, अगदी हळू. "पुढच्या दुष्काळाला एस.टी.नं येऊ."

दुष्काळ मागायचा नसतो, हे तिला कळतं. मलाही कळतं. म्हणून आम्ही दोघंही तो मागत नाही. धरण भरलेलं राहो, लोकांचा ऊस उभा राहो, सगळ्यांच्या नोंदी वेळेवर होवोत. दुसऱ्या दिवशी मी गाडीवर खोळ घातली. लिंबाखाली बंकटकडे गेलो. त्याच्या उसाबद्दल काहीतरी बोलावं म्हणून गेलो होतो, पण "पीयूसी सहा महिन्यांचीच असते ना?" एवढंच विचारून परत आलो. तो "व्हय भाऊसाहेब" म्हणाला आणि त्यानं पाणी दिलं.

येताना बसस्थानकावर थांबलो. चौकशीच्या खिडकीपाशी उभा राहून माजलगावच्या गाड्यांच्या वेळा उतरवून घेतल्या आणि तो कागद नोंदणीच्या फायलीत सगळ्यांत वर लावला. पहिली गाडी सकाळी सव्वासहाला सुटते. मी दोनदा विचारून खात्री करून घेतली. कागदपत्रं काही लागत नाहीत.